एफडीवरचं क्रेडिट कार्ड आणि सिबिलचा मोफत अहवाल : गेलेली पत परत मिळवताना काय कामी येतं, काय नाही

हप्ते थकलेल्या माणसाला बँकेत बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकवलं जातं : "तुमचा सिबिल खराब आहे," म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद वाईट आहे. कुठल्या खात्यामुळे, किती महिन्यांचं थकलेलं दिसतंय, यातलं काही सांगितलं जात नाही. माणूस खजील होऊन बाहेर पडतो आणि मोबाईलवर "सिबिल क्लीन करून मिळेल" अशी जाहिरात दिसली की तिकडे वळतो. नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं म्हणून ज्यांचे हप्ते चुकले, त्यांनी आधीच पुष्कळ सोसलेलं असतं. त्यांचे उरलेसुरले पैसे असे जाऊ नयेत म्हणून हा परखड लेखाजोखा.

तीन गोष्टी तपासल्या आहेत : सिबिलचा मोफत अहवाल आणि त्यासोबतची तक्रारीची सोय, एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड, आणि पैसे घेऊन स्कोअर वाढवून देणाऱ्या एजन्सी. पहिल्या दोन वापराव्यात, नीट वापराव्यात. तिसरीवर एक रुपयाही घालवू नये.

मोफत अहवाल

१ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पतमाहिती कंपनीने (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने) मागणाऱ्याला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, फुकट द्यायचा असतो. बोलताना आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. पहिल्या वेळी चारही एकाच आठवड्यात काढा. एकीकडे बंद दिसणारं कर्ज दुसरीकडे चालू दिसतं, आणि तुमची नवी बँक नेमका कोणाचा अहवाल बघेल हे आपल्या हातात नसतं. पुढच्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एकेक काढला तरी पुरे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती आधी मनातून काढा.

सिबिलच्या संकेतस्थळावर नाव, पॅन, जन्मतारीख, पिनकोड, ईमेल आणि मोबाईल नंबर भरला की ओटीपी येतो. अडतं ते ओळख पटण्यापाशी. कर्ज घेताना दिलेला मोबाईल नंबर बंद झालेला असतो, किंवा पॅनवर पूर्ण नाव आणि बँकेत नुसती आद्याक्षरं असतात. नाव पॅनवर आहे तसंच टाका. नंबर बदलला असेल तर आधी बँकेत नोंदवून घ्या, ती नोंद पुढे पोचायला थोडे दिवस द्या आणि मग पुन्हा प्रयत्न करा. संकेतस्थळाबद्दल एक तक्रार मात्र आहे : पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाच्या योजना डोळ्यांसमोर ठळक येतात आणि घाईत माणूस त्यावरच बोट ठेवतो. वर्षाचा मोफत अहवाल घेतला नसेल तर पैसे मागणारं पान सरळ बंद करा.

अहवाल उघडला की सगळ्यांची नजर ३०० ते ९०० मधल्या त्या आकड्यावर खिळते. तो आकडा बाजूला ठेवा आणि खात्यांच्या पानांवर या. प्रत्येक कर्जाखाली छोट्या चौकटींची रांग दिसेल, जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. प्रत्येक चौकटीत महिना-वर्ष आणि त्याच्यावर तीन आकडे किंवा तीन अक्षरं असतात. तीन शून्यं म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ०३० म्हणजे हप्त्याची तारीख उलटून ३० दिवस झाले, ०९२ म्हणजे ९२ दिवस. तिन्ही जागी एक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. आकड्यांऐवजी 'एसटीडी' असेल तर खातं नियमित, 'एसएमए' असेल तर बिघडायला लागलेलं. 'एसयूबी', 'डीबीटी' किंवा 'एलएसएस' दिसलं तर खातं बुडीत खात्यांच्या वर्गात गेलेलं आहे. ही रांग एकदा ओळीने वाचली की आपली घसरण कुठल्या महिन्यात सुरू झाली आणि कुठे थांबली ते लख्ख दिसतं. बँकेतल्या साहेबांना दिसतं ते नेमकं हेच.

त्याच पानावर थकीत रक्कम, चालू शिल्लक, माहिती कळवल्याची तारीख आणि खात्याचा शेरा असतो. 'रिटन-ऑफ' हा शेरा पाहून कर्ज माफ झालं असं पुष्कळ जण समजतात. ते चूक आहे. बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीतून ती रक्कम निर्लेखित केलेली असते, तुमच्याकडचं येणं तसंच राहतं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत कमी पैसे घेऊन खातं मिटवलं. दोन्ही शेरे नवं कर्ज देणाऱ्याला खटकतात.

मालकीच्या रकान्याकडेही बघा. तिथे 'गॅरंटर' असेल तर ते तुम्ही जामीन राहिलेलं कर्ज आहे. भावकीत, गावात, नोकरीतल्या सोबत्यासाठी आपण सही करून विसरतो. त्याचे हप्ते थकले की चौकटी आपल्याही अहवालात काळ्या होतात. यावर तक्रार करून उपयोग नाही, कारण नोंद खरी असते. मूळ कर्जदाराला गाठून थकबाकी भरायला लावणं हाच मार्ग.

नेहमी सापडणाऱ्या खऱ्या चुका अशा : फेडलेलं कर्ज चालू दिसणं, एकच कर्ज दोनदा दिसणं, नाव आणि जन्मतारीख सारखी असलेल्या भलत्याच माणसाचं खातं आपल्यात मिसळणं, आपण न घेतलेलं ॲपवरचं छोटं कर्ज, आणि बंद केलं असं समजलेल्या जुन्या कार्डावर वार्षिक शुल्काचे चारपाचशे रुपये व्याज-दंडासकट साचत राहणं. ही शेवटची चूक क्षुल्लक वाटते, पण चौकटीत दिवसांचा आकडा पडतो तो चारपाचशेलाही तसाच पडतो.

तक्रारीची सोय

अहवालावरचा कंट्रोल नंबर टिपून घ्या, संकेतस्थळावर तक्रारीच्या विभागात जा, खातं निवडा आणि चुकीचा रकाना दाखवून द्या. शुल्क काही नाही. 'सगळंच चुकीचं आहे' असं मोघम लिहू नका. अमुक खातं, अमुक रकाना, दिसतं ते हे, असायला हवं ते हे, पुरावा हा, इतकं नेमकं लिहा. त्याच दिवशी तेच पत्र निल दाखला किंवा एनओसी (काही येणं बाकी नाही असं बँकेचं पत्र) आणि खातेउतारा जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. कारण २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्यानुसार बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. निर्णय बँकेत होतो, सिबिल फक्त निरोप पोचवते.

तक्रार ३० दिवसांत मिटली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला भरपाईचा नियम इथे फार उपयोगी पडतो : ३० दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला मिळतात. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही सिबिलने बदल केला नाही तर सिबिलने. तक्रार ५२ व्या दिवशी मिटली तर २२ दिवसांचे २,२०० रुपये होतात. म्हणून तक्रार करताना बँकखात्याचा तपशील द्या आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. 'माझा स्कोअर इतका कमी का' या तक्रारीला ही भरपाई लागू नाही, ती नोंदीतल्या चुकीलाच आहे.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. त्यालाही फी नाही, वकील लागत नाही.

एकंदर ही सोय चांगली आहे, पण तिची मर्यादा ओळखा. ती चूक दुरुस्त करते. खरोखर चुकलेला हप्ता कुठल्याही तक्रारीने पुसला जात नाही. तो ३६ महिन्यांच्या रांगेतून आपोआप मागे सरकतो. सात वर्षं गप्प बसलं की सगळं साफ होतं, हा ऐकीव समज धरून बसू नका. सात वर्षं हा माहिती जपून ठेवायचा किमान काळ आहे.

सेटल्डचं काय करायचं

थकबाकी अजून उभी असेल तर आधी ती भरा. कार्ड, गोल्ड लोन, बाकी सगळं नंतर. तडजोड झाली असेल आणि आता हातात पैसे असतील, तर बँकेला लेखी विचारा की सोडून दिलेली रक्कम भरली तर शेरा 'सेटल्ड' वरून 'क्लोज्ड' कराल का. बँक बांधील नाही, तरी विचारायला हवं. दंडव्याज वजा करून फक्त मुद्दल आणि साधं व्याज घ्या, अशी घासाघीसही करता येते.

इथे एकच नियम डोळ्यात तेल घालून पाळा : आधी पत्र, मग पैसे. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं असावं. त्यात खातेक्रमांक, नेमकी रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि 'रक्कम जमा झाल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवलं जाईल, येणं शून्य दाखवलं जाईल' हे वाक्य असलं पाहिजे. पैसे थेट कर्जखात्यात भरा. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे खात्यात चढले नाहीत तर पुढची सहा महिन्यांची पळापळ ठरलेली. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं गेलं असेल तर बँक हात वर करते. पत्र आणि पावती दोन्ही त्या कंपनीकडून घ्यावी लागते.

तडजोड अजून व्हायची असेल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांप्रमाणे, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केलेल्या माणसाला ती बँक किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. झेपणार असेल तर तडजोडीपेक्षा मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं कधीही बरं.

एफडीवरचं कार्ड

मागची घाण निस्तरली तरी नुसत्या त्याने पत बनत नाही. चौकटींत नवी तीन शून्यं पडायला लागली पाहिजेत, आणि ती पडायला काहीतरी उधारी चालू असावी लागते. साधं कार्ड कोणी देत नाही तेव्हा एफडीवरचं कार्ड हाच सरळ रस्ता आहे. बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर बोजा चढवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. पगारपत्रक लागत नाही, ठेवीवरचं व्याज चालू राहतं. स्टेट बँकेच्या गटातलं उन्नती कार्ड २५ हजारांच्या ठेवीवर मिळतं आणि पहिली चार वर्षं त्याला वार्षिक शुल्क नाही. आयडीएफसी फर्स्टच्या 'वॉव' कार्डाला जॉइनिंग आणि वार्षिक शुल्क नाही. कोटक, ॲक्सिस, आयसीआयसीआय यांचीही अशी कार्डं आहेत. रक्कम आणि शुल्क बँका बदलत असतात, अर्जाच्या दिवशी पाहून घ्या. पॉइंट आणि कॅशबॅकच्या मोहात पडून कार्ड निवडू नका. वार्षिक शुल्क नसणं आणि पूर्ण बिल आपोआप भरलं जाण्याची सोय असणं, या दोनच कसोट्या लावा.

ठेव ठेवताना चुका होतात त्या अशा. ज्या बँकेचं आपण थकवलंय तिथेच एफडी ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण बँक जुन्या येण्यापोटी ती ठेव वळती करून घेऊ शकते. कर वाचवणारी पाच वर्षांची एफडी चालत नाही, ती तारण ठेवता येत नाही. संयुक्त नावाची ठेवही बऱ्याच बँका घेत नाहीत. ठेव आपोआप नूतनीकरणावर असू द्या, नाहीतर मुदत संपली की कार्डही अडकतं.

आता वापर. समजा ठेव २५,००० रुपये आणि ८० टक्क्यांनी मर्यादा २०,०००. महिन्याला ४,००० ते ५,००० रुपयांचाच खर्च त्यावर टाका, आणि तोही एरवी रोखीने होणाराच : महावितरणचं बिल, गॅस, रिचार्ज, पेट्रोल. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ६,००० च्या आत राहावं हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे; पण सतत मर्यादेला टेकलेलं कार्ड ओढगस्त दाखवतं. १ जानेवारी २०२५ पासून बँका १५ तारखेची आणि महिनाअखेरची अशी पंधरवड्याची माहिती कळवू लागल्या. १२,००० ची एखादी मोठी खरेदी करावीच लागली तर बिलाची वाट न पाहता बँक माहिती कळवते त्या तारखेच्या आधी ८,००० भरून टाका, कळवलेली शिल्लक ४,००० च दिसेल.

बिल भरताना 'टोटल अमाउंट ड्यू', म्हणजे पूर्ण देय रक्कमच भरायची. 'मिनिमम' भरलं तर खातं थकीत होत नाही हे खरं, पण हिशेब बघा. २०,००० पैकी १८,००० मागे राहिले आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के असेल, तर व्याज ६३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११३ रुपये, एकूण ७४३. तिकडे २५,००० च्या ठेवीवर ६.५ टक्क्यांनी महिन्याला सुटतात १३५. म्हणजे ठेवीचं साडेपाच महिन्यांचं व्याज एका महिन्यात गेलं. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

तारीख चुकलीच तर घाबरून हातपाय गाळू नका. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक खातं थकीत म्हणून कळवू शकत नाही आणि उशिराचा दंडही लावू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या तीन दिवसांत पूर्ण रक्कम भरा. मात्र "ठेव आहेच, बँक घेईल वळती करून" असं म्हणून स्वस्थ बसणारे पुरते फसतात. ठेव मोडायच्या आधीच चौकटींत ०३० आणि ०६० पडून गेलेले असतात. पत सावरायला घेतलेलं कार्डच मग पत बुडवतं.

कार्डासोबत आणखी एक छोटं कर्ज चालवायचं असेल तर सोनेतारण बरं. फक्त ते बँकेतून किंवा एनबीएफसीतून (बँक नसलेल्या वित्त कंपनीतून) घ्या. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्थांत सोनेतारण पटकन होतं आणि माणसंही ओळखीची असतात, पण बहुतेक पतसंस्थांची माहिती सिबिलकडे जात नाही. तिथे वर्षभर वेळेवर फेडलं तरी अहवालात एक शून्य उमटत नाही. आणि एका महिन्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. एक अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा, अहवाल पुन्हा वाचा, पाचसहा महिने थांबा.

फळ दिसायला किती वेळ? अहवालात काहीच इतिहास नसेल तर स्कोअर तयार व्हायलाच साधारण सहा महिने जातात. इतिहास वाईट असेल तर सलग बारा ते अठरा महिने तीन शून्यं पडल्याशिवाय मोठ्या कर्जाची अपेक्षा धरू नका. दर आठवड्याला स्कोअर बघून पाचदहा गुणांच्या चढउताराने जीव खाली-वर करून घेण्यात अर्थ नाही.

एजन्सी

त्या करतात काय, तर तुमच्या नावाने सिबिलवर सरसकट तक्रारी टाकतात. तक्रार चालू असेपर्यंत नोंदीवर तसा शेरा दिसतो, गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. बँकेने मूळ माहितीला दुजोरा दिला की सगळं होतं तसं. कायद्याने जी दुरुस्ती बँकेच्या होकाराशिवाय होतच नाही, ती तिसरा माणूस पैसे घेऊन करून देऊ शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे पॅन, आधार, ओटीपी त्यांच्या हाती जातं. बनावट एनओसी जोडायला सांगणारेही भेटतील. ती पकडली गेली तर थकबाकीदाराचा आरोपी होतो.

कार्ड सोडताना

दीड वर्ष व्यवस्थित गेलं की त्याच बँकेकडे बिगरठेवीचं कार्ड मागा. ते हातात येऊन चालू झाल्याशिवाय एफडीचं कार्ड बंद करू नका, शून्यांची ती लांब रांग त्याच खात्यावर आहे. बंद करताना शिल्लक शून्य करा, आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गण्या काढून टाका आणि विनंती लेखी द्या. काही येणं नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. ठेवीवरचा बोजा उतरल्याचं पत्र वेगळं मागून घ्या आणि दोन महिन्यांनी अहवाल काढून त्या खात्यासमोर 'क्लोज्ड' आणि शिल्लक शून्य दिसतंय का ते तपासा.